अब्बांची सायकल भंगारात देण्यापूर्वी

आमच्या जऊळक्यात भंगारवाल्याची गाडी आली की आधी भोंगा ऐकू येतो आणि मग घराघरांतून लोखंड बाहेर पडू लागते. फुटक्या बादल्या, वखराची झिजलेली पास, कूलरची गंजलेली जाळी, आणि मधूनच एखादी काळी, उंच, दांडीची सायकल. ती काट्यावर वीस किलोच्या आसपास भरते. वीस गुणिले किलोचा भाव, की सौदा संपला. देणाऱ्याला वाटते अडगळ गेली. घेणाऱ्याला बहुतेक वेळा नुसते लोखंडच मिळते. पण काही वेळा त्याला लोखंडापेक्षा बरेच जास्त मिळालेले असते, आणि ते काय आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. आपल्याला मात्र नसते.

जऊळका हे अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचे स्टेशन. २००८ साली ब्रॉडगेज होईपर्यंत येथून मीटरगेजची गाडी जात असे. त्या जमान्यात रेल्वेचे गँगमन, पोस्टमन, मास्तर, तलाठी, दूधवाले, मकतबमध्ये शिकवायला येणारे मौलाना, सगळ्यांचे वाहन एकच. अब्बांची सायकल म्हणजे घरातली मोठी चीज होती. तिला हात लावायला परवानगी लागे, आणि उंची पुरत नाही म्हणून आम्ही मुले दांडीखालून पाय घालून, वाकडे होऊन ती चालवायला शिकलो. मग मोटारसायकली आल्या, सायकल गोठ्यात गेली, तिच्यावर कडब्याच्या पेंड्या पडल्या. अब्बा गेले तरी ती तिथेच होती.

आज त्याच सायकली शोधत फिरणारे शौकीन आहेत, हे आपल्या गावातल्या पुष्कळ घरांना माहीत नाही. पुण्यात कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे तीन मजली संग्रहालय उभे केले आहे. २०१७ पासून ते लोकांसाठी खुले आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धातली बी.एस.ए. कंपनीची घडीची सायकलही आहे. ब्रिटिश छत्रीधारी सैनिक विमानातून उडी मारताना ती सोबत नेत. मधल्या दोन फुलपाखरी नटा सैल केल्या की फ्रेम मिटते. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तेव्हा असे संग्रहालय तिथे व्हावे यात नवल नाही. पण पुण्या-मुंबईतल्या शौकिनांना हवी असलेली सायकल पुण्या-मुंबईत फारशी उरलेली नाही. ती उरली आहे खेड्यात, गोठ्यात, कडब्याखाली.

हा नाद फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये जुन्या सायकली जपणाऱ्यांचा क्लब १९५५ पासून आहे. इटलीत टस्कनी भागातल्या गायोले गावी १९९७ पासून ‘एरोइका’ नावाची फेरी निघते आणि तीत १९८७ पूर्वीच्या बनावटीच्या सायकली चालवतात. हे लोक एकमेकांना घंटी, दिवा, पंप, पायडल विकतात, बदलून देतात, आणि एखादा स्क्रू मूळचा आहे की नंतर बसवलेला यावर तासन्‌तास वाद घालतात. बाहेरच्याला हे वेड वाटेल. आम्हालाही सुरुवातीला वाटले होते. पण ज्याला अत्तराचा शौक आहे त्याने कबुतरवाल्याला हसू नये.

आता कोणत्या सायकलीला किंमत येते ते पाहू. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या चांगल्या सायकली इंग्लंडमधून येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए., हर्क्युलिस आणि फिलिप्स, शिवाय हंबर आणि रज. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. पुढे १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. कंपनीने हर्क्युलिस बनवायला घेतली, आसनसोलला सेन-रॅले कंपनी उभी राहिली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आली आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. आपल्या घरांतल्या बहुतेक सायकली या देशी कारखान्यांतल्या. त्या कमी दर्जाच्या होत्या असे कुणी सांगितले तर मानू नका. चाळीस वर्षे धान्याची पोती वाहून ज्या उभ्या आहेत त्यांना आणखी कसली परीक्षा द्यायची? अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. तेव्हापासून अ‍ॅटलसकडेही लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत. तरी शौकिनांच्या बाजारात इंग्लंडच्या बनावटीला जास्त भाव मिळतो, हे खरे.

ओळखायचे कसे? आधी हँडलखालच्या नळीवरची पितळी पाटी पाहावी. रॅलेच्या पाटीवर नॉटिंगहॅम, इंग्लंड असे कोरलेले असेल तर तो माल तिकडचा. पाटी पुसट झाली असेल तर पुढचे दातेरी चाक बघा. रॅलेच्या चाकात बगळ्याची मुंडी आणि मान कापून काढलेली असते. बी.एस.ए. म्हणजे मुळात बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना, म्हणून तिच्या चिन्हात तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. जुन्या हंबरचा चिमटा तर लांबूनही कळतो, कारण चाकाच्या दोन्ही बाजूंना एकाऐवजी दोन-दोन बारीक नळ्या असतात. मागच्या चाकाचा हब नेहमीपेक्षा जाडजूड असेल आणि त्यातून एक बारीक साखळी बाहेर आलेली असेल, तर आत तीन गिअर आहेत असे समजा. तो स्टर्मी-आर्चरचा हब. त्यावर कंपनीच्या नावाजवळ दोन आकडे ठोकलेले असतात, जसे ५१ किंवा ५६. ते बनवल्याचे साल. अर्थात हब नंतर बदललेला असू शकतो, त्यामुळे केवळ त्यावरून सायकलीचे वय ठरवू नये. चामड्याच्या सीटच्या बाजूला ब्रुक्स असा ठसा दिसला तर ती सीटसुद्धा एकटी विकली जाते. जुना ल्युकासचा किंवा मिलरचा दिवा, डायनॅमो, पितळी घंटी यांचेही तसेच. पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पैसे भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तो बिल्ला कुठे दांडीला लटकत असेल तर काढून फेकू नका, तोही जमवणारे लोक आहेत.

घरातल्या भगिनींना एक विनंती. सायकलीची पितळी पाटी चिंच लावून घासू नका. भांडे लखलखते म्हणून पाटीही लखलखेल, पण तिच्यावरचा रंग निघून जाईल आणि रंगाबरोबर अर्धी किंमत. चामड्याची सीट पाण्यात भिजवू नये, तिला स्वयंपाकाचे तेलही चोपडू नये. हँडल किंवा रिमच्या चकाकत्या भागावर गंज आला असेल तर पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. गंज सुटतो आणि चरे पडत नाहीत. पॉलिश पेपर तर हातातच घेऊ नये.

आणि रंग. जुनी सायकल विकायची म्हटले की आपण आधी ऑइलपेंटचा डबा आणतो. शौकिनांमध्ये यावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, सायकल कारखान्यातून निघाली तशी नवीकोरी दिसली पाहिजे. दुसरा म्हणतो, मूळ रंग कितीही उडालेला असो, सोनेरी रेघा जागोजागी तुटलेल्या असोत, तो तसाच ठेवावा. आमचे मत दुसऱ्या तटाकडे झुकते. त्या सोनेरी रेघा कारखान्यात एखाद्या कारागिराने ब्रशने हाताने ओढलेल्या असतात. एकदा त्यांच्यावर काळा पेंट फिरला की त्या गेल्या.

पण सायकल केवळ भिंतीला टेकवून ठेवायची असेल तर तिचा काय उपयोग? ती चालली पाहिजे. पोलादी सायकलीची खुबी हीच की ती गावातच दुरुस्त होते. नळ्या एकमेकींना पितळाच्या झाळकामाने जोडलेल्या असतात. चिमटा वाकला तर सरळ करता येतो, जोड सुटला तर पुन्हा झाळता येतो. २८ इंची चाकाचा दीड इंची टायर अजून आपल्या देशात बनतो आणि तालुक्याच्या दुकानात मिळतो. हबच्या मध्यावर एक छोटे भोक आणि त्यावर स्प्रिंगची झाकणी असते. ती सरकवून आठवड्याला मशीनचे दोन थेंब तेल सोडले की पुढच्या पिढीपर्यंत काम चालते. मात्र बरीच वर्षे उभी राहिलेली सायकल तेल सोडून लगेच रस्त्यावर काढू नये. तिचे ओव्हरहॉलिंग करावे लागते. आणि इथे उस्तादाचा हात लागतो.

उस्ताद काय करतो ते कधी शांतपणे बसून पाहा. आधी सगळे उघडून रॉकेल किंवा डिझेलमध्ये टाकतो. पुढच्या हबमधले छर्रे वेगळे, मागचे वेगळे, मधल्या एक्सलचे वेगळे. पुढच्या हबला साधारणपणे एका बाजूला दहा छर्रे लागतात, मागच्याला नऊ. कपात ग्रीस भरून छर्रे गोल लावतो आणि शेवटी एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी सोडतो, म्हणजे ते एकमेकांना रेटत नाहीत. कोन आवळून पुन्हा किंचित सैल करतो. चाक उचलून सोडले की ते व्हॉल्व्हच्या वजनाने हळूहळू फिरून थांबले पाहिजे, झटक्याने नाही. मग चाकाचा आऊट काढतो. पुढे ३२ आणि मागे ४० आरे. कोणता अर्धा पेच आवळायचा आणि कोणता सोडायचा हे त्याच्या बोटांना कळते. क्रँकची कॉटर पिन काढताना तो खाली लोखंडी नळीचा टेकू देतो आणि एकच नेमका घाव घालतो. नवशिका बिनटेकूचा ठोकत बसतो आणि आतले छर्रे कपात खड्डे पाडतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तसेच उजव्या बाजूच्या बीबी कपाचेही. हे न कळल्याने किती फ्रेमा वाया गेल्या असतील याची गणती नाही.

यातली सगळ्यात बारीक गोष्ट रॅलेची आहे. बी.एस.ए.ने आपल्या बीबी कपाला इंचाला २४ आटे ठेवले आणि ते माप पुढे इतके पसरले की आजच्या महागड्या सायकलीतही बी.एस.ए. याच नावाने ओळखले जाते. रॅलेने मात्र आपले वेगळे ठेवले, इंचाला २६ आटे. दोन्ही कप दिसायला सारखे. बाजारातला २४ आट्यांचा कप रॅलेच्या फ्रेममध्ये पान्याने दामटला तर तो घुसतो, पण फ्रेमचे आटे कायमचे कापून. जाणता उस्ताद पहिले दोन-तीन आटे बोटांनीच फिरवतो. हाताने जात नसेल तर तो थांबतो, आणि जुनाच कप साफ करून, छर्रे नवे टाकून परत बसवतो. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे आले आहे, आणि आता शागिर्द येईनासे झाले आहेत.

ते का येत नाहीत याचे एक कारण कमाई. दुसरे कारण बोलायला कडू आहे. गेल्या काही वर्षांत ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या समाजाला हिणवण्यासाठी वापरला जातो, मोबाइलवर आणि भाषणांतूनही. मग आपलेच तरुण त्या दुकानात बसायला लाजतात. ज्यांनी हा शब्द शिवी म्हणून वापरला त्यांना काय उत्तर द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण आपण स्वतः तो शिवी म्हणून का ऐकावा? कुरआनात एका सूरहचे नावच अल्‌-हदीद, म्हणजे लोखंड. हजरत दाऊद (अलै.) हे पैगंबर होते आणि बादशाहही होते, तरी लोखंडाची चिलखते स्वतः बनवत आणि आपल्या हातच्या कमाईवर जगत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे उदाहरण देऊन हाताच्या कमाईला सर्वोत्तम अन्न म्हटले. मुलाने शिकावे, डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, याबद्दल दुमत नाही. पण हबमधले छर्रे मोजणाऱ्या चाचांपुढे त्याने मान खाली घालून नव्हे, तर अदबीने बसावे. शहरात हेच काम जुन्या सायकलींचे पुनरुज्जीवन या नावाने होते आणि गिऱ्हाईक त्याचे चांगले पैसे मोजते. गावातला उस्ताद त्याच कामाचे पंक्चरच्या हिशेबाने पैसे घेतो. आम्हाला वाटते, त्याने आपला दर बदलावा.

आता सौद्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. शौकीन स्वतः किंवा त्याचा दलाल गावात येतो, गोठ्यात नजर टाकतो, सायकल ओळखतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. “भंगारच आहे, पण घेतो,” म्हणतो. घरातली बुजुर्ग बाई भंगाराच्या भावापेक्षा शंभर-दोनशे जास्त मिळाले म्हणून खूश होते. हा व्यापार चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेत होता. बाहेरगावचे काफिले माल घेऊन येत तेव्हा काही चलाख लोक वेशीबाहेर जाऊन, त्यांना बाजारभाव कळण्याआधीच, वाटेत माल उचलत. प्रेषित (स.) यांनी त्याला मनाई केली. कुणी तसे घेतलेच, तर मालकाला बाजारात पोहोचल्यावर तो सौदा मोडण्याचा अधिकार दिला. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. समोरच्याला भाव माहीत नाही याच गोष्टीवर ज्या सौद्याचा नफा उभा आहे, त्या सौद्याची ही गोष्ट आहे. मग माल खजूर असो की रॅले.

पण वाचक बंधूंनो, हदीस एकाच बाजूने वाचू नये. आपल्यातले काही जण आता हुशार झाले आहेत. लुधियानाच्या फ्रेमवर इंग्लंडच्या नावाचे स्टिकर चिकटवायचे, नळीला पडलेले भोक लांबीने बुजवून वर रंग मारायचा, नव्या घंटीला तेजाबाने जुनेपणा आणायचा. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. लांबीखालचे भोक हे ढिगाच्या आतले ओले धान्यच आहे. शौकिनांच्या जगात तर याची वेगळी शिक्षाही असते. ते सगळे एकमेकांना ओळखून असतात, आणि एकदा नाव खराब झाले की त्या माणसाकडून पुन्हा कुणी साधी घंटीही घेत नाही.

म्हणून विकण्याआधी घाई करू नये. पाटी, दातेरी चाक, मागचा हब आणि फ्रेमचा नंबर यांचे स्पष्ट फोटो काढावेत. नंबर बहुधा सीटच्या नळीच्या सांध्यावर किंवा पायडलच्या खालच्या गोल भागावर ठोकलेला असतो. कपड्याने पुसून, खडू घासला की वाचता येतो. ते फोटो किमान दोन-तीन जाणकारांना दाखवावेत, एकालाच नव्हे. सायकल अखंड असेल तर तिची मोडतोड करून सुटे भाग विकू नयेत. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने कागदावर नंबर लिहून सही करावी, म्हणजे उद्या चोरीच्या मालाचा संशय कुणावर येणार नाही.

आणि सर्वांत आधी एक प्रश्न विचारावा, जो आपल्या घरांत क्वचितच विचारला जातो. ही सायकल कोणाची? अब्बा हयात नसतील तर ती तरका आहे, मागे राहिलेली मालमत्ता. शेत आणि घर यांच्या वाटणीची चर्चा होते, ती कागदावर असते. पण सायकल, घड्याळ, हौदातली मोटर, अम्मीची चांदीची तोडी या चीजा ज्याच्या हाताला लागल्या त्याच्या होतात. सूरह अन्‌-निसामध्ये वारसाहक्क सांगताना, मागे राहिलेले थोडे असो वा पुष्कळ, त्यात पुरुषांचा आणि स्त्रियांचाही वाटा ठरलेला आहे असे स्पष्ट केले आहे. थोडे असो, हे शब्द सायकलीलाही लागू होतात.

समजा कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत सगळे आधीच फिटले आहे, मागे अम्मी, दोन भाऊ आणि तीन बहिणी आहेत, आणि सायकल आठ हजारांना गेली. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे एक हजार. उरले सात हजार. भावाला बहिणीच्या दुप्पट, म्हणून सात भाग पडतील. भावांना दोन-दोन हजार, तिन्ही बहिणींना एक-एक हजार. बहिणी म्हणतील, आम्हाला पैसे नकोत, अब्बांची सायकल विकू नका, भाईजानकडे राहू द्या आणि दर ईदला पुसून बाहेर काढा. तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. फक्त भंगारवाल्याचा भोंगा वाजण्याआधी त्यांना फोन केलेला असला पाहिजे.